सातवं गाणं अर्धंच आहे

मी प्रवासाला निघाले की आमच्या घरात सगळ्यांची करमणूक होते. कुलूप लावून झालं की शेगडी बंद आहे ना हे बघायला मी पुन्हा आत जाते. बसमध्ये बसले की ही बस बरोबर ना, असं शेजारणीला विचारते, आणि ती ‘हो’ म्हणाली की तिला तरी नक्की माहीत असेल का, अशी शंका येते. आमचे हे म्हणतात, ‘तू काळजी करायलाच घराबाहेर पडतेस.’ म्हणू देत.

या वेळी काळजीला कारण होतं. चिपळूणहून मी संभाजीनगरला निघाले होते ते एका इंग्रजी रॉक अल्बमच्या जिवावर. पन्नाशीची बाई, गुडघ्याला पट्टा, पिशवीत कोकम आणि फणसाचे तळलेले गरे, आणि डोक्यात इलेक्ट्रिक गिटार! हसा खुशाल.

झालं असं. छाया ही माझी संभाजीनगरला तंत्रनिकेतनात असतानाची, वसतिगृहातल्या एकाच खोलीतली मैत्रीण. तिला पावसाळ्यानंतर अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय हळूहळू हलायला लागले, पण वाचा गेली ती गेलीच. समजतं सगळं, तोंडातून शब्द एक निघत नाही. तिचे यजमान दत्तराव यांचा जानेवारीत फोन आला. “ताई, ती गुणगुणायली. येकच चाल, दिवसभर. मधीच अडकती आन् रडती. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हनल्या, गाणं धरून शब्द येतो कधी कधी. पण गाणं कोणतं त्येच आमाला कळंना.” त्यांनी फोन तिच्या तोंडाशी धरला. मी स्वयंपाकघरात उभी होते. दोन ओळी ऐकल्या आणि खाली बसले. आमचा अल्बम होता.

बँडचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की जाणकार मंडळी सांगायला येणार, ‘बाई, तुमची गाणी चुकली आहेत.’ चुकलेलीच आहेत. ते पुढे येईल.

गुरुवार, पुंडलिकनगर

दत्तराव वाळूजच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवतात. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात ते रिकामी बस घेऊनच मला न्यायला आले. मी पुढच्या खिडकीपाशी बसायला गेले तर म्हणाले, “तिथं नका...” आणि मग स्वतःच गडबडले. “बसा, बसा. तुमीच बसा.” छाया त्याच कारखान्यात तपासणी विभागात होती, दातेरी चाकांची मापं घ्यायची. ती खिडकी तिची. अजून पहिल्या पाळीतलं कुणी तिथे बसत नाही म्हणे. मी बसले, पण सगळा रस्ता अवघडून बसले.

पुंडलिकनगरात घराघराच्या दारात पाण्याची निळी पिंपं. आमच्या चिपळूणला पाणी घरात शिरतं म्हणून झोप उडते, इथे नळाला येत नाही म्हणून. शेजारीण पाणी कधी येणार हे विचारायला दारात आली आणि मला बघून म्हणाली, “पाव्हण्या का? बरं झालं, आज भरलंय.” मी हात धुताना नळ अर्धाच सोडला.

आणि छाया. खाटेवर उशीला टेकून बसली होती. केस कापलेले, ओठ एका बाजूला किंचित ओढलेला. मला बघितलं तशी डोळ्यांतून घळाघळा पाणी. मीही रडले, मग आपण रडलो तर तिचा रक्तदाब वाढेल म्हणून घाबरून हसले, आणि ते हसणं इतकं खोटं निघालं की तीच हसली.

घरात तिच्या सासूबाई. सगळे त्यांना आत्याबाई म्हणतात. आयुष्य मेंढरांमागे गेलेलं, उन्हाने रापलेल्या, ताठ. त्यांनी येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. आम्ही कोकणातली माणसं, भात दिसला नाही की जेवण झालं असं वाटत नाही. पण ती आमटी अशी तिखट आणि खमंग की मी भात विसरले आणि नाक पुसत जेवले. “रडू नगंस बाई,” आत्याबाई म्हणाल्या. मी म्हटलं, “ठेच्याने आलंय पाणी.” “व्हय व्हय,” त्या म्हणाल्या. “आमाला बी ठेच्यानंच येतंय.”

जेवण झाल्यावर छाया गुणगुणायला लागली. तीच चाल. वर चढत गेली, चढत गेली, आणि ओळीच्या मध्येच थांबली. मग तिने डावा हात उचलला, पालथा होता तो उताणा केला, आणि आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. पुन्हा पालथा, पुन्हा उताणा. कुणी काही केलं नाही तसं तोंड फिरवून रडायला लागली.

दत्तराव मला ओसरीवर घेऊन गेले. “बघितलं ना? रोजचं हाय. हात असा करती. म्हंजी संपलं सगळं, असं म्हणती ती मला.” एवढं बोलून ते आत गेले. 

शुक्रवार, तिथेच

आता अल्बमबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही दोघी वसतिगृहात आलो तेव्हा आमचं इंग्रजी म्हणजे आनंद होता. मी चिपळूणची, ती जालना रस्त्याच्या आतल्या एका वस्तीवरची, धनगराच्या घरातली पहिली शिकणारी मुलगी. माझ्या वडिलांनी इंग्रजी सुधारावं म्हणून छोटा टेपरेकॉर्डर घेऊन दिला. पैठण गेटपाशी एक मामू कोऱ्या कॅसेट भरून द्यायचा. आम्ही भीत भीत गेलो आणि म्हटलं, “इंग्लिश पाहिजे.” आम्हाला म्हणायचं होतं संभाषणाची, ‘हाऊ डू यू डू’ची. मामूने आमच्याकडे जरा निरखून बघितलं. “इंग्लिश होना? मिलता ना! पूरी इंग्लिश हैच. एक लफ्ज हिंदी का नै उसमें.” दोन दिवसांनी कॅसेट मिळाली. वर इंग्रजी अक्षरांत नुसतं ‘इंग्लिश’ लिहिलेलं.

वह्या-पेन्सिली घेऊन आम्ही दोघी अभ्यासाला बसलो, बटण दाबलं, आणि एकटी गिटार सुरू झाली. दुसऱ्या खोलीत कुणी आपल्याच नादात वाजवत बसावं तशी. आम्ही वाट बघतोय, आता बाई बोलेल, ‘धडा पहिला.’ आणि एकदम ढोल आत आला. माझ्या हातातली पेन्सिल पडली. छाया म्हणाली, “अगं बया!”

त्या दिवसापासून दोन वर्षं तो आमचा अभ्यास झाला. दुसऱ्या गाण्यात ऑर्गन आहे. देवळात नव्हे, पण देवळासारख्याच कुठल्यातरी थंड जागी गेल्यासारखं वाटतं. तिसऱ्यात गाणारा पहिल्यांदा ओरडतो. त्याचा आवाज गोड नाही. भांडून भांडून घसा बसलाय, तरी तो हटत नाही. मला तो आवडला, कारण मी आयुष्यात कधी कुणाशी आवाज चढवून बोलले नव्हते. पाचवं गाणं संथ आहे, त्यात खर्जातली गिटार अशी चालते की काळजी करणाऱ्या माणसालाही जरा टेकावंसं वाटतं. परीक्षेच्या आधी मी तेवढंच लावायची. छायाचा जीव मात्र ढोलवाल्यावर. “ह्यो आमच्यातलाच हाय गं,” ती म्हणायची. “बिरोबाच्या जत्रंत आसंच वाजवत्यात, आंगात येईस्तोर.” ती स्टीलचं ताट उपडं घालून त्याच्याबरोबर वाजवायची. वसतिगृहाच्या बाई दोनदा खोलीत येऊन बोलून गेल्या. पुढे मी खूप ऐकलं, महागडे हेडफोन लावूनही ऐकलं. पण इतकं मोकळं, इतकं निर्भय काही माझ्या आयुष्यात दुसरं आलं नाही. मी घाबरट राहिले हे खरं, पण निर्भय माणसाचा आवाज कसा असतो हे मला त्यातून कळलं.

तर शुक्रवारी दुपारी मी फोनला छोटा स्पीकर जोडला आणि अल्बम लावला. आत्याबाई, दत्तराव, सगळे खाटेभोवती. एकटी गिटार सुरू झाली आणि छायाचा चेहरा असा उजळला की दत्तराव माझ्याकडे बघून हसले. ढोल आला तसा तिचा डावा हात खाटेच्या काठावर पडायला लागला. एक ठोका चुकत नव्हता. गाण्यामागून गाणं झालं. ती गुणगुणत होती, ओठ हलत होते. आत्याबाई म्हणाल्या, “आता बोलंल.”

सातवं गाणं लागलं. ती चाल. आवाज चढत गेला, ती त्याच्याबरोबर चढली, नेहमीच्या ठिकाणी थांबली, हात उताणा केला. आणि फोन पुढे वाजतच राहिला. गिटार सुरू झाली. छायाने असं दचकून बघितलं, जणू घरात परकं कुणी शिरलंय. हात पालथा, उताणा, पालथा, उताणा. मग तिने त्या हाताने स्पीकर खाली ढकलला. घशातून आवाज निघाला, तो शब्द नव्हता. तोंड लाल, कपाळावर घाम.

“बंद करा त्ये!” आत्याबाई ओरडल्या. मी फोन बंद करायला गेले तर घाईत भलतंच बटण दाबलं आणि आवाज वाढला. दत्तरावांनी मशीन काढून रक्तदाब मोजला. आकडा खूपच वर गेला होता. डॉक्टरांना फोन केला. गोळी द्या, अंधार करून झोपवा, तिला भडकवेल असं काही करू नका, पुन्हा झटका येऊ शकतो.

मी ओसरीच्या पायरीवर बसले. मी काय करून बसले होते? इतक्या लांबून आले ती मैत्रिणीला मारायला? मी आमच्या ह्यांना फोन केला आणि उद्याच निघते म्हटलं. ते नेहमीसारखं चिडवतील असं वाटलं होतं. ते नुसतं म्हणाले, “तुला योग्य वाटेल ते कर.” त्याने तर मला जास्तच भीती वाटली.

शनिवार, ओट्यापाशी

सकाळी बॅग भरून ठेवली. बस दुपारची होती. तोवर आत्याबाईंना मदत म्हणून लसूण सोलायला बसले. त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

खोलीतून छायाचं गुणगुणणं सुरू झालं. गोळीमुळे आवाज सुस्त होता. मी नकळत तिच्याबरोबर मनात म्हणत होते. चढ आला, ती थांबली. आणि माझा हात, त्यात लसणाची पाकळी, डावीकडे गेला आणि उलटला.

मी त्या हाताकडे बघत राहिले. डावीकडे काय होतं? इथे काही नव्हतं, मिठाची बरणी होती. वसतिगृहात डावीकडे खिडकीची चौकट होती, आणि चौकटीत टेपरेकॉर्डर.

मामूने साठ मिनिटांच्या कॅसेटवर अल्बम भरला होता. एका बाजूला सहा गाणी पूर्ण बसली आणि सातवं अर्ध्यात, चढाच्या टोकावर, टेप संपली म्हणून तुटलं. त्याने काय केलं, तर दुसऱ्या बाजूला सरळ आठव्या गाण्यापासून पुढे भरलं, आणि जागा उरली म्हणून एक लांबलचक कव्वाली घातली. आमच्या दृष्टीने त्या इंग्रज पोरांचा अल्बम कव्वालीवर संपायचा, आणि सातवं गाणं तिथेच तुटायचं. दोन वर्षं, रोज. पूर्ण गाणं मी नोकरी लागल्यावर ऐकलं, आणि मग कॅसेट विसरून गेले. छायाने ते पुढचं कधीच ऐकलं नव्हतं.

मी लसूण टाकून ओसरीवर धावले. दत्तराव बूट घालत होते. “दत्तराव, ती अडकत नाही! गाणं तिथेच संपतं. आमचं गाणं तिथेच संपतं हो! तिला आमचं गाणं सगळं येतंय. हात करते ना, तो कॅसेट उलटी घाला म्हणून करते.”

ते एक बूट हातात घेऊन तसेच राहिले. “म्हंजी... संपलं म्हनत नव्हती ती?”

“नाही. पुढची बाजू लावा म्हणतेय.”

ते पायरीवर बसले आणि बुटात तोंड घालून रडले, मोठ्याने, लहान मुलासारखे. इतके दिवस हा माणूस रोज समजत होता की बायको आपल्याला ‘सगळं संपलं’ म्हणून सांगतेय. आत्याबाई बाहेर आल्या, त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि मला विचारलं, “मग आता?”

आता कॅसेट हवी. ती छायाकडेच होती, वसतिगृह सोडताना मीच दिली होती. “कॅसेटी?” आत्याबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. “त्या तर म्या गावाकडं नेल्या.”

“कशाला?”

“पाखरांला.”

मला काही कळेना. दत्तरावांनी सांगितलं. ज्वारी निसवली की कणसांवर पाखरं उतरतात. जुन्या कॅसेटची रीळ काढून खुंट्याखुंट्यांना ताणून बांधली की वाऱ्यावर ती चमकते, भुणभुणते, आणि पाखरं बिचकतात. आत्याबाईंनी गेल्या महिन्यात माळ्यावरचा अख्खा खोका नेला होता.

“उद्या माझी सुट्टी हाय,” दत्तराव उठत म्हणाले. “जाऊ. तिला बी नेऊ. हुरडा हाय रानात. टेप भगवानच्या ट्रॅक्टरवर हाय.” भगवान त्यांचा धाकटा भाऊ. मी दुपारची बस सोडली. संध्याकाळी, ट्रॅक्टरचा टेप बिघडलेला असला तर काय, या धास्तीने दत्तरावांना शहागंजात फिरवलं. दुकानदार हसायचे. “खाला, मोबाईल पे सब है अब.” एकाकडे टेपरेकॉर्डर होता, आतला पट्टा वितळून डांबर झालेला. येताना दत्तरावांनी नान-खलिया बांधून घेतला. मटणाचा तो पिवळा रस्सा आणि भट्टीतली नान एरवी मी बोटं चाटून खाल्ली असती. त्या दिवशी अर्धी नान ताटातच राहिली.

रविवार, चिकलठाण्याच्या पुढे

विमानतळ मागे टाकला, कारखाने आणि नव्या इमारती संपल्या, जालना रस्ता सोडून आत वळलो. शेजाऱ्यांकडून आणलेल्या गाडीत छाया पुढच्या सीटवर, शाल गुंडाळून. प्रत्येक खड्ड्याला मी मागून तिचा खांदा धरत होते, शेवटी तिने माझा हात झटकला.

ज्वारी माणसाएवढी उभी. आणि त्या हिरव्या रानावर, खुंट्यांमधून, काळ्या रिळीच्या रांगाच रांगा. ऊन पडलं की लखलखायच्या. वारा आला की सगळं रान एका सुरात भुणभुणायचं, आणि पाखरांचा थवा उतरता उतरता वर उठायचा. एरवी मी तासभर बघत उभी राहिले असते. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की आमचा अल्बम बहुतेक वाऱ्यावर फडफडतोय.

भगवानने रिकाम्या डब्या एका पोत्यात भरून ठेवल्या होत्या. मी जमिनीवर पोतं ओतलं. कीर्तनं, लग्नातली गाणी, आरत्या. एकेक डबी उघडायची, बिनरिळीची.  “ही कोन्ती? ही?” दत्तराव विचारत होते. सगळ्या बघून झाल्या. नव्हती.

“म्हणजे बांधलीच,” मी म्हटलं. मला रडू यायला लागलं.

आत्याबाई इतका वेळ पोत्याकडे बघत होत्या. “ती इंग्रजी होती का?” त्यांनी विचारलं. “अक्षरं इंग्रजी?”

“हो.”

“मग ती कशी बांधीन? म्या अडाणी आसंल, पर येवढं कळतं. म्हनलं ही सुनंच्या शिक्षणाची हाय, कामाची आसंल.” त्या वस्तीवरच्या घरात गेल्या आणि देवळीतून, पोरांच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर ठेवलेली कॅसेट घेऊन आल्या. मामूचं ‘इंग्लिश’ अजून वर होतं. मी त्यांना मिठीच मारली. “आगं सोड, पडंल ती!” त्या म्हणाल्या.

आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजून भगवान हुरडा चोळून देत होता. गरम, दुधाळ, वर लसणाची चटणी. हुरडा खाल्ला नसेल तर एकदा जानेवारीत या भागात जाच, फक्त माझ्यासारखी काळजी बरोबर घेऊन जाऊ नका. छायाने दोन मुठी खाल्ल्या. लिंबाखाली तिची खुर्ची, समोर ट्रॅक्टर.

आणि माझी पुन्हा तंतरली. टेप चालतोय का हे बघायला दुसरी कॅसेट नव्हती, सगळ्या रानात. टेपने हीच खाल्ली तर? आणि वाजली, पण छाया परवासारखी भडकली तर? इथून दवाखाना किती लांब? मशीन आणलंय का? “आणलंय, ताई,” दत्तराव म्हणाले. “गोळ्या बी आणल्यात.” मी म्हटलं, “मग एकदा डॉक्टरांना विचारू या का?” त्यांनी छायाची शाल नीट केली. मग म्हणाले, “ताई, मला लई भ्या वाटायलंय. तुमच्याहून जास्त. पर ती रोज येकटीच तिथवर जाती आन् आमी कुणीच काय करत नाय. आज करू. लावा.”

माझा हात होईना. त्यांनीच कॅसेट घातली. घरघर झाली, माझा जीव गेला, आणि मग ती एकटी गिटार. जुनी, जरा मातट, थरथरणारी. आमची. छायाने डोळे मिटले. ढोल आला तसा तिने खुर्चीच्या हातावर ठेका धरला. भगवान हुरडा चोळायचा थांबला. “वैनी?” तो म्हणाला, आणि आत्याबाईंनी त्याला गप्प केलं.

पाचवं गाणं लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी श्वास घेतेय. सहावं झालं. सातवं. चढ. ती चढली, मी चढले. आणि खट्! गाणं तुटलं, कॅसेट आपोआप अर्धी बाहेर आली.

रानात नुसती भुणभुण. छायाने डोळे उघडले आणि हात उताणा केला.

“आता उलटी,” मी दत्तरावांना म्हटलं. त्यांनी कॅसेट ओढून काढली. त्यांचं लक्ष छायाकडे होतं. त्यांनी ती वर-खाली बघितली, शर्टाला पुसली आणि होती तशीच पुन्हा आत ढकलली. खट्. बाहेर. त्यांनी पुन्हा ढकलली. खट्. “आता हिला काय झालं?” ते म्हणाले आणि तिसऱ्यांदा तशीच घालायला लागले. मी तोंड उघडलं होतं, त्यांना सांगणारच होते.

“अहो!”

मी बोलले नव्हते. आत्याबाई बोलल्या नव्हत्या. खुर्चीतून आलं ते, जाड, घोगरं, आणि चांगलं वैतागलेलं.

“काय गं?” दत्तराव टेपमधून मान वर न काढता म्हणाले. आणि मग कॅसेट हातात तशीच धरून त्यांनी मागे वळून बघितलं.